उभं राहिल्यावर तळपायाच्या कुठल्या भागावर किती दाब येतो, हे घरी स्वस्तात कसं मोजायचं?

सेन्सरच्या मागे लागू नका, आधी दोन वजनकाटे जमवा. एवढं ठासून सांगतोय कारण ह्यावरून आमच्या घरी रीतसर भांडण झालंय.

अण्णांना १८ वर्षं शुगर. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, तो आतून चिघळला तरी त्यांना पत्ता नाही, मोज्याला डाग लागला तेव्हा कळलं. जखम भरल्यावर दादा त्यांना एका ठिकाणी घेऊन गेला, तिथे मशीनवर उभं केलं, लाल-पिवळा-निळा नकाशा दिला आणि वर साडेसहा हजारांचे इनसोल गळ्यात मारले. मी म्हटलं जिथे घट्टा तिथे दाब, हे कळायला मशीन कशाला? तर म्हणे तू काय डॉक्टर आहेस का.

मग मीही पेटलो. घरचा काटा आणि शेजारच्या काकूंचा, दोन्ही सपाट फरशीवर, एकेका काट्यावर एकेक पाय, नजर समोर, आणि आकडे मी वाचणार कारण स्वतः वाकलं की वजन पुढे सरकतं. डावा ३३, उजवा ४५. काटे अदलाबदल केले तरी तेच. अण्णा डावा गुडघा दुखतो म्हणून सगळा भार उजव्यावर टाकत होते! रंगीत कागदावर हे असेलही, पण सांगितलं कोणी?

एकाच पायात कुठे जास्त, त्यासाठी दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन पेपर घालून उभं राहा, जिथे गडद तिथे दाब. हॅरिस मॅट म्हणजे ह्याचाच सुधारलेला प्रकार, रबरी जाळी आणि शाई. आकडा मात्र मिळत नाही. आकडाच हवा तर एफएसआर सेन्सर (दाबला की ज्याचा विद्युत रोध बदलतो अशी पातळ पट्टी) आणि तो वाचायला आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पण त्यावर नुसतं उभं राहिलं तरी रीडिंग सरकत राहतं, डोकं फिरतं. आणि टाच गडद आली म्हणून घाबरू नका, अनवाणी उभं असताना साधारण ६०% भार टाचेवरच असतो.

हां, हे सगळं उभं असतानाचं. चालताना चवड्यावर येणारा दाब कितीतरी जास्त, तो ह्यातून कळत नाही. जखम उघडी असेल तर ह्यातलं काहीच करू नका आणि शुगर असेल तर तळव्याची संवेदना आधी डॉक्टरकडून तपासून घ्या.

अण्णा आता एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घालतात, घट्टा दवाखान्यात तासून घेतात. इनसोल दादाच्याच बुटात आहेत, आणि त्याचं म्हणणं आहे की त्याला फार आराम पडलाय.