हुंडीवर सही आहे, मग मेहुण्याकडून रोख कशाला?

प्रश्न : वसमतच्या मोंढ्यात माझं हळदीचं दुकान आहे. कोलंबोच्या एका व्यापाऱ्याला दोन कंटेनर पाठवले, पैसे आगाऊ आले. तिसरा, 19 टनांचा, साठ दिवसांच्या उधारीवर दिला. कागदपत्रं बँकेमार्फत गेली, त्याने हुंडीवर, म्हणजे ठरल्या दिवशी पैसे देण्याच्या कागदावर, सही करून माल सोडवला. मुदत उलटून चार महिने झाले. आता म्हणतो, कर्क्युमिन (हळदीला रंग देणारा घटक) कमी निघालं, 30 टक्के सोडा. नाहीतर अर्धे पैसे त्याचा मुंबईतला मेहुणा रोख देईल आणि बाकीची दालचिनी पाठवतो. इकडे बँकेचे फोन सुरू आहेत. वसमतला केस करता येईल का?

उत्तर : आधी मेहुण्याचं बघू, कारण तिथे पाय घसरला तर बाकीचा सल्ला फुकट जाईल. निर्यातीचे पैसे बँकेच्या वाटेनेच यायला हवेत. परदेशातल्या माणसाच्या वतीने इथे कुणाकडून रोख घेणं हा फेमा, म्हणजे परकीय चलन कायदा, 1999 च्या कलम 3 चा भंग आहे. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. वर बँकेच्या दप्तरी तुमचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा कागद, उघडंच राहणार. तिथे पैसे मिळाले म्हणता येत नाही, बुडाले म्हणावं तर ते खोटं. मेहुण्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दालचिनीची वाट तितकी वाईट नाही. निर्यातीचं येणं आयातीच्या देण्यात वळतं करता येतं, पण बँकेच्या संमतीने आणि दोन्हीकडची कागदपत्रं दाखवून. तुम्हाला खाद्यपदार्थ आयातीचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) परवाना लागेल. 2000 पासून लागू असलेल्या भारत-श्रीलंका मुक्त व्यापार कराराची शुल्कसवलत हवी असेल, तर तिकडचं उत्पत्ती प्रमाणपत्रही. ती दालचिनी विकायची कुणाला, हे मात्र मोंढ्याला विचारा, वकिलाला नको.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला सगळ्यात आवडला तो त्या हुंडीचा फोटो. तोंडावर आडवं लिहिलेलं ‘स्वीकारली’, खाली तारीख, शिक्का, सही. मालाबद्दल काहीही तक्रार असो, ही सही म्हणजे ठरल्या दिवशी पैसे देण्याचा वेगळा शब्द आहे आणि दर्जाचं भांडण पुढे करून ती सहजी झटकता येत नाही. मूळ हुंडी बहुधा अजून कोलंबोच्या बँकेतच असेल. तुमच्या बँकेला आजच लेखी द्या : हुंडी वटली नाही असा नोटरीचा शेरा घ्यावा आणि मूळ प्रत परत मागवावी. उशिरामुळे शेरा मिळाला नाही तरी स्वीकारणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

आता कर्क्युमिन. ऑर्डरमध्ये किमान 3 टक्के लिहिलंय. माल भरण्यापूर्वीचा तुमचा अहवाल 3.2 सांगतो, त्याचा 2.6. कोणती तपासणी अंतिम, हे ऑर्डरमध्ये कुठेच नाही. ही चूक दोघांची. पण त्याची पहिली तक्रार हुंडीची मुदत संपल्यावर अकरा दिवसांनी आली आहे, तीही अर्धा माल विकून झाल्यावर. आपला 1930 चा मालविक्री कायदा आणि श्रीलंकेचा 1896 चा, दोन्ही एकाच इंग्रजी कायद्यावर बेतलेले. माल ठेवून घेतला, विकला, म्हणजे तो स्वीकारला. तो आता माल नाकारू शकत नाही. फार तर दर्जा कमी होता हे सिद्ध करून तेवढी किंमत कमी मागेल. सिद्ध त्याने करायचं. तुमच्याकडे त्या लॉटचा सीलबंद नमुना आहे असं तुम्ही लिहिलंय. ती पिशवी अंधारात, कोरड्या जागी ठेवा, उजेडात कर्क्युमिन उतरतं. दोघांना मान्य तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तयारी ईमेलने कळवा.

केस इथे होऊ शकते, कारण व्यवहाराचा काही भाग इथे घडला. रक्कम तीन लाखांवर असल्याने दावा व्यापारी न्यायालयात जाईल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. दावा लावायची मुदत हुंडीचे पैसे द्यायच्या दिवसापासून तीन वर्षं. प्रश्न हुकूमनामा मिळाल्यावरचा आहे : त्याची इथे एक खुर्चीही नाही, जप्त काय करणार? म्हणून मी लवाद, म्हणजे दोघांनी मिळून नेमलेल्या त्रयस्थाचा निवाडा, सुचवेन. ऑर्डरमध्ये तसं कलम नसलं तरी वाद उभा राहिल्यावरही दोघांनी लेखी करार करून लवाद नेमता येतो. भारत आणि श्रीलंका दोघेही 1958 च्या न्यूयॉर्क करारात असल्याने इथला निवाडा तिकडे अमलात आणता येतो. तुमची हळद त्याला पुढेही हवी असेल तर तो सही करेल. नाहीच केली, तर कोलंबोतला वकील गाठून त्या हुंडीवरच तिथे दावा लावा.

बँकेचे फोन खरे, पण घाबरण्याजोगे नाहीत. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत नऊ महिने होती, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये ती पंधरा केली. तुमचे साडेसहा-सात महिने झालेत. सूट द्यायचं ठरलं तरी परस्पर ‘ओके’ पाठवू नका, आधी बँकेला अर्ज द्या. जीएसटीचा परतावा घेतला असेल तर तोही हिशेबात धरा. पैसे मुदतीत आले नाहीत तर न आलेल्या रकमेपुरता तो व्याजासह परत करावा लागतो. आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातीच्या उधारीचा विमा काढला होता का, ते पत्रात नाही. असेल तर थकबाकी कळवायची मुदत पॉलिसीत आजच बघा.

आणि त्याने चौथा कंटेनर मागितलाच, तर लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे त्याच्या बँकेच्या हमीवर, द्या आणि ऑर्डरमध्ये एक ओळ घाला : न्हावा-शेवाला माल भरताना झालेली तपासणी अंतिम.