कॉफीचा मसाला तव्यावर कडू का होतो?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे धाकटे दीर टेक्सासमध्ये नोकरीला आहेत. दिवाळीला इंदूरला आले तेव्हा तिकडे स्टेकला चोळतात तो कॉफीचा मसाला त्यांनी घरी करून दाखवायचे ठरवले. गोमांसाचा प्रश्नच नव्हता, म्हणून मटणाच्या मांडीचे जाड काप आणले. घरातली इन्स्टंट कॉफी, तिखट, मिरी, जिरे आणि साखर एकत्र करून कापांना चोळली, बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला आणि काप टाकले. दोन मिनिटांत वरचा थर काळा झाला, स्वयंपाकघरात धूर कोंडला, काप आत कच्चेच राहिले आणि सासऱ्यांनी तो कडू थर सुरीने खरवडून ताटाच्या कडेला ठेवला. त्यांना आतून लालसर मटण चालतही नाही. दीर म्हणतात की कॉफीने मटण मऊ व्हायला हवे होते. नेमके काय चुकले?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सर्वांत जास्त चुकली ती आच, आणि त्याखालोखाल कॉफीचा प्रकार (इन्स्टंट का नको, ते पुढच्या उत्तरात आहे). तुमच्या मसाल्यातली मिरची, मिरी आणि जिरे कच्चे होते. कॉफी मात्र डब्यातून निघाली तेव्हाच पुरती भाजलेली होती. कॉफीच्या बिया साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात आणि आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो तो त्या भाजण्यातूनच जन्मतो. तिला पुन्हा तशीच कडक आच लागली की वास उडून जातो आणि मागे जळका कडूपणा राहतो. काळ्या मसाल्याचे खोबरे तपकिरी झाल्याबरोबर आपण कढई उतरवतो, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळा मसाला हातचा जातो. कॉफीची पूड म्हणजे असे वेळेवर उतरवलेले खोबरेच समजा. तव्यावर तिला तापू द्यायचे आहे, पुन्हा भाजायचे नाही.

मग तिकडे धुराच्या तव्यावर हे कसे जमते, असे दीर विचारतील. तिथे गोमांसाचा चरबीदार, जाड काप असतो आणि बरेच लोक तो मध्यभागी ५५ ते ५७ अंश होताच उतरवून घेतात. मसाल्याला आच लागते ती थोडाच वेळ, आणि वितळलेली चरबी त्याला जळण्यापासून काहीशी वाचवते. मध्य प्रदेशात गोवंशाच्या वधावर २००४च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याला हा विचार बोकडाच्या मटणावरच करावा लागतो, आणि ते मटण कमी चरबीचे, घट्ट धाग्याचे असते आणि अधिक शिजवूनच खाल्ले जाते. तितका वेळ धुराच्या तव्यावर राहिल्यावर कॉफी जळणारच.

दिरांचा कॉफीने मटण मऊ होण्याचा समज बराच पसरलेला आहे, पण तो टिकणारा नाही. काळ्या कॉफीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) पाचच्या आसपास असतो आणि मटणाचा साडेपाचच्या पुढेमागे, म्हणजे दोघांच्या आंबटपणात फरक थोडाच. त्यातून कोरडा मसाला अर्ध्या तासात पृष्ठभागाच्या फारसा खालीही उतरत नाही. मऊपणासाठी कच्ची पपई आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. अर्धा किलो मटणाला सालासकट वाटलेल्या पपईचा एक चहाचा चमचा तासभर पुरे होतो. रात्रभर ठेवू नये, कारण पपईतले पाचक द्रव्य वरचा थर पिठूळ करते आणि आतला धागा होता तसाच राहतो.

मटणवाल्याकडे मांडी मागण्याऐवजी कोवळ्या बोकडाचे, बोटभर जाडीचे, हाडासकटचे चॉप्स मागा. मांडी हवीच असेल तर धाग्याला आडवे, अडीच सेंटिमीटर जाडीचे काप करून घ्या. सकाळी कापलेला बोकड दुपारी तव्यावर घालू नये. कापल्यानंतर काही तास मांस आखडलेले असते, आणि एक दिवस फ्रिजमध्ये राहिले की त्याचा ताठरपणा बराच उतरतो. त्याच रात्री मीठ लावून ठेवावे. अर्धा किलोला चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरते. काप जाळीवर, खाली ताटली ठेवून, न झाकता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत. मीठ आधी पाणी बाहेर ओढते, मग तेच खारे पाणी मांसात परत मुरते आणि सकाळपर्यंत वरचा भाग हाताला कोरडा, किंचित चिकट लागतो. हा कोरडेपणा फार महत्त्वाचा आहे. मांसावर खमंग तपकिरी रंग चढण्याची जी क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ साली वर्णन केली, ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोम धरते, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवरच अडून राहते. ओला काप टाकला की माणसे रंग येईना म्हणून आच वाढवत जातात. काप कोरडा असेल तर मध्यम आचेवरही रंग येतो आणि कॉफी वाचते.

मसाल्यात मीठ घालू नका, कारण ते आधीच लागले आहे. अर्धा किलोसाठी बारीक दळलेली कॉफी दोन चहाचे चमचे, ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड दोन चमचे, धणेपूड एक, भरड मिरी एक, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा, आणि मिळाल्यास मोहरीची पूड अर्धा चमचा घ्यावी. तिकडे या मसाल्यात आन्चो नावाची सौम्य, वाळवलेली मेक्सिकन मिरची पुष्कळदा असते; रंग आणि सौम्यपणा पाहता ब्याडगी तिला बऱ्यापैकी जवळची आहे. आपल्याकडे निमाडातल्या बेडियाच्या बाजारातून येणारी मिरची तिखट असते, तिचे प्रमाण निम्मे करावे. साखर पूर्ण वगळा. गोडवा हवाच असेल तर काप उतरवल्यावर, तो गरम असताना, गुळाची चिमूटभर पूड वरून भुरभुरावी. तव्यावर गेलेली साखर कॉफीच्याही आधी जळते, आणि तुमच्या काळ्या थरात तिचा वाटा मोठा असला पाहिजे. सियागंजातून मसाले आणत असाल तर जिरे आणि धणे अख्खे आणून घरी कुटा, कॉफीबरोबर ताज्या कुटीचा फरक स्पष्ट कळतो.

हा मसाला तव्यावर टाकण्याच्या वीस मिनिटे आधी चोळावा आणि तेल तव्यावर न ओतता कापांना बोटाने लावावे. बिडाचा तवा मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे सावकाश तापू द्या आणि पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब चुरचुरत लगेच आटला तर तवा योग्य तापला आहे. तो न आटता गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा फार तापला आहे. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबा. काप टाकल्यावर एकच बाजू धरून न ठेवता दर मिनिटाला उलटा. वारंवार उलटू नये असे सांगणारे पुष्कळ आहेत, परंतु उलटत राहिल्याने कोणतीही बाजू अति तापत नाही आणि आतला भाग अधिक सारखा शिजतो. कॉफी असलेल्या कापासाठी तर मी हाच आग्रह धरीन. अडीच सेंटिमीटरच्या कापाला सगळी मिळून आठ ते दहा मिनिटे लागतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही महागडी चैन नव्हे. तो कापाच्या कडेतून मध्यापर्यंत खुपसावा. बोकडाच्या अख्ख्या कापासाठी ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटे विसावा ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा आहे. खिम्याचा स्टेक करणार असाल तर ती ७१ अंशांवर जाते, कारण दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात.

आता सासऱ्यांचा प्रश्न. पूर्ण शिजलेले मटण हवे असेल तर नुसत्या तव्याचा हट्ट सोडावा. मांडीचा काप तव्यावर ७० अंशांच्या पुढे नेला की रस निघून जातो आणि चिवट पापुद्रे तोपर्यंत वितळलेले नसतात. त्यांना ओलसर उष्णतेत बराच वेळ लागतो. म्हणून चॉप्स मीठ, आले आणि वाटीभर पाण्यात कुकरला दोन-तीन शिट्ट्या देऊन, थोडे कमी शिजले असतानाच काढा, गार करा, कापडाने टिपून कोरडे करा आणि मग मसाला चोळून तव्यावर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिनिट परता. आत लालसरपणा राहत नाही आणि कॉफीलाही जळायला वेळ मिळत नाही. कुकरमधले उरलेले पाणी फेकू नका. काप काढल्यावर त्याच तव्यात ते ओता, पाव वाटी बिनदुधाची कॉफी घाला आणि चमच्याला लागेल इतके आटवा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराचे मांस परतलेल्या तव्यात काळी कॉफी ओतून ‘रेड-आय ग्रेव्ही’ करतात, तिचाच हा आपल्या सोयीचा प्रकार आहे. सासऱ्यांना तो भाकरीबरोबर वाढून पाहा.

प्रश्न : फिल्टर कॉफीची पूड वापरली तर चालेल का, की तीही इन्स्टंटसारखी चिकट होते? आणि फिल्टरमधला चोथा रोज फेकावा लागतो, तो या मसाल्यात घालता येईल का?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : पाकिटावर काय छापले आहे ते आधी वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फिल्टर कॉफीच्या बऱ्याच पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावे लागते. चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड. तिचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे मांसाच्या ओलाव्यात ती ओली होते, तव्याला चिकटते आणि तिच्यातली साखर लवकर करपते. इन्स्टंट कॉफी तर मुळातच विरघळण्यासाठी बनवलेली आहे, तिचा कापावर लेप होतो. तेव्हा चिकोरी नसलेली पूड घ्यावी. बिया दळून देणारे दुकान जवळ असेल तर मध्यम भाजलेल्या अराबिका जातीच्या बिया अगदी बारीक दळून मागाव्यात. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात जास्त कडू असते. भरड पूड मात्र दाताखाली वाळूसारखी येते, ती नको.

चोथा नको. त्याची चव तुम्ही सकाळीच पिऊन टाकलेली असते, आणि राहिलेला ओला भुगा मांसाला रंग येऊ देत नाही. तुळशीत किंवा कुंडीतल्या खतात टाका.

प्रश्न : रात्रीच्या जेवणात हा मसाला असेल तर मुलांची झोप उडणार नाही ना?
— एक आई, इंदूर

उत्तर : हिशेब करून पाहा. दोन चहाचे चमचे पूड सुमारे चार ग्रॅम भरते. अराबिकात कॅफीन साधारण सव्वा टक्का आणि रोबस्टात दोन टक्क्यांहून थोडे अधिक असते, म्हणजे अर्धा किलो मटणावर फार तर ५० ते ९० मिलिग्रॅम. ते चौघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे कॅफीन एका कप चहापेक्षा कमीच राहते. तरीही फार लहान मुलांच्या ताटात हा मसाला वाढू नये, असे माझे मत आहे. त्यांना कडूपणा आवडतही नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पनीरवर हा मसाला लावावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पनीरवर लावू नये, असे मी सांगेन. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून मसाला तेलात सुटतो, तळाशी जळतो आणि दुधाच्या सौम्य चवीपुढे कॉफी फार उर्मट वाटते. थंडीत आपल्या सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू हा कंद मिळतो, त्याचा विचार करा. सोलताना हाताला तेल लावावे, नाहीतर खाज सुटते. अख्खे तुकडे सुरीचे टोक सहज जाईल इतके वाफवा, पूर्ण गार होऊ द्या आणि दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. गरम असताना कापले तर कडा तुटतात. वर दिलेल्या मसाल्यात कॉफी निम्मी करावी, कारण कडूपणा पेलायला इथे मटणाची चरबी नाही, आणि तूप थोडे सढळ हाताने घ्यावे. पिष्ट भरपूर असल्याने चकत्यांना मध्यम आचेवरही तीन-चार मिनिटांत कुरकुरीत पापुद्रा येतो. जिरावण या आपल्या वरून भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची सवय असेल तर तो तव्यावर घालू नका. त्यातला आमचूर करपतो आणि काळ्या मिठाचा वास उग्र होतो. चकत्या ताटलीत काढल्यावर तो वरून भुरभुरावा आणि लिंबू पिळावे.