वृद्धाश्रमात वडिलांना भेटायला जाताना संसर्ग सोबत जाऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील ऐंशी पार, पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात चार जणांच्या खोलीत राहतात. पावसाळ्यामुळे जिकडेतिकडे सर्दी-ताप चालू आहे, घरात बालवाडीत जाणारी मुलगी आहे. मग दर रविवारी भेटायला जावं, की साथ ओसरेपर्यंत थांबावं?

जावं. भेटी लांबल्या की या वयातली माणसं जेवण टाकतात, चालणं कमी करतात, गप्प होतात, आणि ते नुकसान सहजी भरून येत नाही. करोनानंतर इंग्लंडने तर ६ एप्रिल २०२४ पासून नियमच केला, की अपवादात्मक परिस्थिती सोडली तर केअर होमला, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांना, भेट नाकारता येणार नाही. फक्त जायचं की नाही हे त्या त्या रविवारी सकाळी, घरातून निघण्याआधी ठरवा. वृद्धाश्रमाच्या गेटवर ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

कारण गेटवर काय होतं? कपाळासमोर थर्मामीटरची बंदूक धरतात आणि वहीत आकडा लिहितात. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून, करोनाचा साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. त्यात सकाळी पॅरासिटामॉल घेऊन निघालेल्याला ताप दिसतच नाही. त्या आकड्यावर मी तरी फारसा विसंबणार नाही.

म्हणून घरचे नियम. ताप, खोकला, घसादुखी, नव्याने गळणारं नाक यातलं काहीही असेल तर जाऊ नका, व्हिडिओ कॉल करा. करोनाची घरगुती चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. पॉझिटिव्ह आली तर म्हाताऱ्या माणसांपासून १० दिवस लांब राहणं चांगलं. फ्लू झाला असेल तर निदान ५ ते ७ दिवस, आणि ताप औषधाशिवाय उतरलेला हवा. उलट्या-जुलाब झाले असतील तर शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यानंतर पूर्ण ४८ तास थांबायचं. पोट ठीक वाटायला लागलं की लोक लगेच निघतात आणि घोळ तिथेच होतो. डोळे आले असतील तर चिकटपणा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत घरीच. जुलै २०२३ मध्ये आळंदीकडून सुरू होऊन ही साथ किती झपाट्याने पसरली ते पुणेकरांना आठवत असेल. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला असेल तर आधी क्षयासाठी बेडका तपासून घ्या, मग भेटीचं बघू.

मुलीचं थोडं अवघड आहे. बालवाडीतल्या मुलांचं नाक वर्षातले कितीतरी आठवडे वाहतं, आणि तिला ज्याने साधी सर्दी होते तोच आरएसव्ही नावाचा विषाणू आजोबांच्या फुप्फुसात न्यूमोनिया करू शकतो. नाक वाहत असेल त्या आठवड्यात तिला नेऊ नका, बरी असताना जरूर न्या. शाळेत कांजिण्यांची लागण असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील, लसही झालेली नसेल, तर संपर्कानंतर २१ दिवसांपर्यंत कांजिण्या उठू शकतात, हे लक्षात ठेवा.

फ्लूची लस तुम्हीही घ्या, वडिलांनाही द्या. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, दुसरा जानेवारी ते मार्चमध्ये. लशीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मे महिना उत्तम. आता उशीर झाला असला तरी घेऊन टाका. वडिलांच्या न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धच्या) लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

निघण्याआधी वृद्धाश्रमात फोन करून एकच विचारा: गेल्या तीन दिवसांत त्यांच्या मजल्यावर कुणाला ताप-खोकला किंवा उलट्या-जुलाब झालेत का? ७२ तासांत दोघं-तिघं आजारी असतील तर साथ सुरू झाली असं धरून चाला. अशा वेळी घरातल्या एकानेच जावं, थेट वडिलांकडे जाऊन थेट परत यावं, वाटेत कुणाच्या खोलीत डोकावू नये. सगळ्या भेटी सरसकट बंद केल्या असतील तर एका माणसाला येऊ देण्याची विनंती जरूर करा, अगदी शेवटच्या आजारपणात असतील तर आग्रह धरा.

आता प्रत्यक्ष भेट. साथीच्या दिवसांत एन-९५ घाला, व्हॉल्व्ह नसलेला, कारण व्हॉल्व्हमधून तुमचा श्वास न गाळताच बाहेर पडतो. नाकावरची पट्टी दाबून बसवा. पावसात भिजलेला मास्क निरुपयोगी, तेव्हा एक कोरडा मास्क प्लॅस्टिकच्या पिशवीत जवळ असू द्या. वडील कानाला यंत्र लावत असतील तर त्यांना मास्क देताना डोक्यामागून बांधायचा द्या. कानात अडकवायचा मास्क काढताना यंत्र त्याच्याबरोबर ओढलं जाऊन पडतं. तुमचे ओठ दिसत नसल्यामुळे त्यांना ऐकायला जड जाईल. ओरडू नका, जवळ बसून सावकाश, खालच्या पट्टीत बोला. नाहीच कळलं तर पाटीवर लिहा.

हात आत शिरताना आणि बाहेर पडताना धुवा. पाया पडण्याआधी आणि नंतरही. साबणाने निदान २० सेकंद. अंगठे, नखांची टोकं आणि अंगठीखालची जागा हमखास कोरडी राहते. बेसिनपाशी टांगलेल्या सामायिक नॅपकिनला हात पुसले तर धुण्याचा अर्थच गेला, आपला रुमाल न्या. सॅनिटायझर ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचा, पंपाचे दोन दाब, आणि हात २० सेकंद ओले राहिले पाहिजेत. मात्र उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही, तिथे साबण-पाणीच. हातमोजे घालू नका. हातमोजे घातलेला माणूस स्वतःला स्वच्छ समजून दाराची कडी, मोबाईल, वडिलांचा चष्मा असं सगळं हाताळत सुटतो. अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारून घेणंही नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच त्याविरुद्ध सांगितलं होतं.

चार जणांच्या खोलीत बसण्यापेक्षा वडिलांना व्हरांड्यात खुर्चीत बसवा. तेवढं चालवत नसेल तर खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघडा, पंखा लावा. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही, म्हणून थंडगार बंद खोली ही सगळ्यात वाईट जागा. पलंगावर बसू नका, शेजारच्या काकांच्या पलंगावर तर मुळीच नाही. ओली छत्री बाहेरच ठेवा. संसर्गाशी तिचा संबंध नाही, पण ओल्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडणं तितकंच महागात पडतं. फोटो दाखवायला मोबाईल त्यांच्या हातात द्याल, तो आधी अल्कोहोलच्या वाइपने पुसा. जवळ घ्यावंसं वाटलं तर घ्या, तोंड दुसरीकडे वळवून.

वाढदिवसाचा केक आणि सगळ्या खोल्यांतून फराळ वाटत फिरणं, हे आपल्याकडे पुण्याचं काम मानलं जातं. केकवर फुंकर मारून तो पन्नास जणांत वाटणं आणि एकाच माणसाने दहा खोल्या फिरणं यापेक्षा जंतूंची चांगली सोय कुणी करू शकणार नाही. द्यायचं असेल तर बंद पाकीट ऑफिसमध्ये द्या. वडिलांसाठी डबा न्याल तर शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत खाल्लं जावं, कडक उन्हाळ्यात एका तासात. उरलेला पेढा, खीर उशाशी ठेवून येऊ नका. त्यांना जेवताना ठसका लागत असेल तर सिस्टरला विचारल्याशिवाय काही भरवू नका. भरवाल तेव्हा ताठ बसवा, घास लहान घ्या आणि नंतर अर्धा तास बसतंच ठेवा. श्वासनलिकेत गेलेला घास न्यूमोनियाचं मोठं कारण आहे.

लघवीची पिशवी असेल तर तिला हात लावू नका. कुशीवर वळवताना नातेवाईक ती उचलून पलंगावर ठेवतात, त्यामुळे साचलेली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते. ती नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, जमिनीला न टेकता लटकलेली हवी.

तुमच्यासमोर कुणाला उलटी झाली तर मुलीला घेऊन बाहेर पडा आणि मावशींना बोलवा. झाडू नको. आधी कागदाने टिपून घ्यायचं, साबणाने पुसायचं, मग ब्लीच. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याची ताकद तिथेच संपते. ५ टक्क्यांच्या ब्लीचचे १०० मिलि आणि ९०० मिलि पाणी, रोज ताजं. टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

व्यवस्थापकांना एक गोष्ट विचारून ठेवा: आजारी पडलेल्या मावशींना पगारी रजा मिळते का, आणि त्या दुसऱ्या ठिकाणीही ड्यूटी करतात का? रजेचे पैसे कापले जात असतील तर ताप अंगावर काढून कामावर येणारच. तुम्ही आठवड्यातून तासभर जाता, त्या रोज बारा तास सगळ्यांना हात लावतात.

भेटीत वडिलांकडे नीट बघा. या वयात आजारपणात ताप येईलच असं नाही. आला तरी १०० फॅरनहाइट, किंवा त्यांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश जास्त, एवढाही गंभीर धरतात. अचानक बरळणं, सारखी झोप, जेवण टाळणं, तोल जाऊन पडणं दिसलं तर सिस्टरला तिथेच सांगा. रात्रभर अंग खाजतंय म्हणाले आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज तपासायला सांगा. ती घरी आलीच तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे.

परत आल्यावर दोन दिवसांत तुम्हाला किंवा मुलीला काही झालं तर लगेच वृद्धाश्रमात कळवा. कुठल्या खोलीत, किती वेळ बसलात, मास्क होता का, एवढं सांगितलं की त्यांना पुढची तपासणी करता येते.