गंज चढलेली, इंजिन जाम झालेली मोटो मोरिनी ३½ घ्यावी का? पार्ट मिळतील का?

घ्या, पण गाडी पूर्ण असेल तरच.

तुम्ही लिहिलंय की सत्तरच्या दशकातली मोटो मोरिनी ३½, म्हणजे ३५० सीसीच्या वर्गातली इटालियन मोटरसायकल आहे, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती, किक जागची हलत नाही, टाकीत गंज आहे आणि ज्याला विचाराल तो "पार्ट कुठून आणणार?" म्हणून घाबरवतोय. मी याच मॉडेलची गाडी अशाच अवस्थेत घेतली आणि दुरुस्त करून चालती केली, शिवाय दोन-तीन मित्रांच्या इटालियन गाड्यांवर हात काळे केलेत. त्यावरून सांगतो, गंज आणि जाम इंजिन बघून माघार घेऊ नका. भीती वाटली पाहिजे ती रिकाम्या जागांची. साइड पॅनेल नाही, मीटर नाहीत, हँडलवरचा स्विच कुणी काढून नेलाय, इग्निशनचा डबा गायब आहे, अशी गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी सोडा. गंजलेला पार्ट हातात असला की त्याचं माप घेता येतं, तो दुरुस्त करता येतो, निदान त्यावरून दुसरा बनवता येतो. मुळात नसलेल्या पार्टचं मापही तुमच्याकडे नसतं.

आता पार्टबद्दल. त्या काळचे इटालियन कारखाने काम कसं करायचे हे कळलं की निम्मी काळजी मिटते. बोलोन्यातली मोरिनी असो, ब्रेगान्झेची लावेर्दा असो की मान्देल्लो देल लारिओची मोटो गुझ्झी, इंजिन, गिअरबॉक्स आणि फ्रेम हे त्यांचं स्वतःचं. बाकी बरंचसं आजूबाजूच्या पुरवठादारांकडून यायचं. कार्बुरेटर डेलॉर्टोचे, फोर्क मार्झोक्की नाहीतर चेरियानीचे, ब्रेक ग्रिमेका नाहीतर ब्रेम्बोचे, मीटर वेल्या बोर्लेत्तीचे, दिवे सीईव्हीचे, सायलेन्सर लाफ्रान्कोनीचे, लिव्हर तोमासेल्लीचे, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम असतील तर बोरानीच्या. म्हणजे तुमच्या गाडीवरचा दिवा किंवा लिव्हर त्याच काळातल्या दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या गाडीवरही असू शकतो. म्हणून "मोरिनीचा पार्ट" असं शोधत बसू नका. पार्टवर कोरलेलं नाव आणि नंबर वाचा आणि तो शोधा. ३½ वर डेलॉर्टोचे २५ एमएमचे व्हीएचबी जातीचे दोन कार्बुरेटर असतात. त्यांचे जेट, सुई, फ्लोट, पॅकिंग आजही नवीन मिळतात, कारण डेलॉर्टो कंपनी अजून चालू आहे आणि हे कार्बुरेटर असंख्य गाड्यांवर बसले होते.

बेअरिंग आणि ऑइल सीलचं तर याहून सोपं. इंजिन उघडल्यावर जुनं बेअरिंग फेकू नका. रॉकेलमध्ये बुडवा, ब्रश मारा, बाजूची कड फडक्याने पुसा आणि उजेडाकडे तिरकं धरा. आधी काही दिसत नाही, मग हळूहळू अक्षरं उमटतात. आरआयव्ही हे नाव बऱ्याचदा दिसेल. ती व्हिल्लार पेरोसाची इटालियन बेअरिंग कंपनी, १९६५ मध्ये एसकेएफने घेतली. नावाशेजारी एक आकडा असतो, समजा ६२०४. याचा अर्थ आतला व्यास २० एमएम, बाहेरचा ४७ आणि जाडी १४, आणि हा अर्थ जगभर एकच आहे. हे बेअरिंग पाण्याच्या पंपातही असतं आणि वॉशिंग मशीनमध्येही. आकड्यापुढे सी३ असेल तर तेही लिहून घ्या, ती आतली फट थोडी जास्त असल्याची खूण असते आणि तापणाऱ्या इंजिनात ती लागते. ऑइल सीलवरही तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मोटरसायकलचं नाव न घेता हा सगळा माल बेअरिंगच्या दुकानात मिळतो. "पार्ट मिळत नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हा आकडा कधी वाचलेला नसतो.

मग खरोखर दुर्मीळ काय? इंजिनाच्या आतला जो माल फक्त मोरिनीचा, तो. हे इंजिन फ्रांको लांबेर्तिनी यांचं. १९७१ च्या मिलानच्या प्रदर्शनात ते दाखवलं गेलं, गाडी विक्रीला आली १९७३ मध्ये. ७२ अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), ६२ एमएम बोअर (सिलिंडरचा व्यास), ५७ एमएम स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४४ सीसी, सहा गिअर, कोरडा (तेलात न बुडणारा) क्लच आणि कॅमशाफ्ट फिरवायला दातेरी रबरी पट्टा. त्या काळी मोटरसायकलमध्ये हा पट्टा म्हणजे धाडस होतं, आणि मला या इंजिनाचं अजूनही अप्रूप वाटतं. यात हेरॉन पद्धतीचं हेड आहे, म्हणजे हेडचा खालचा भाग सपाट असतो, त्याला खळगा नसतो. ज्वलनाची वाटी असते पिस्टनच्या डोक्यात. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या गाडीचा ६२ एमएमचा पिस्टन उचलून इथे बसवता येत नाही. कॉम्प्रेशनच बिघडेल. म्हणून तुमच्या गाडीचे पिस्टन शाबूत निघाले तर ते सोन्यासारखे जपा. सिलिंडरला गंजाचे खड्डे पडलेले असतील आणि ओव्हरसाइज पिस्टन हाताला लागत नसेल, तर चांगल्या मशीन शॉपमध्ये सिलिंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी) बसवून मूळ मापावर आणता येतो आणि जुना पिस्टन वापरता येतो. मात्र पिस्टनचं माप आधी मायक्रोमीटरने घ्या, स्लीव्ह त्या मापाला होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, द्यायला सांगा. उलट करू नका. दिलासा एवढाच की लांबेर्तिनींनी हे इंजिन जोडसंचासारखं आखलं होतं. २५० सीसीचं एक सिलिंडरचं आणि ५०० सीसीचं इंजिन याच आराखड्यातून आली, त्यामुळे काही सुटे भाग त्या गाड्यांवरूनही मिळू शकतात. मोरिनी वापरणारी माणसं आजही भरपूर आहेत आणि पट्टा, क्लचच्या प्लेट, पॅकिंगचे सेट असा माल नव्याने बनतो.

बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश, लहान आरसा आणि फोन घ्या. सगळ्यात आधी फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून बघा. गाडी इटलीत नोंदलेली असेल तर लिब्रेत्तो, म्हणजे तिथलं नोंदणीपुस्तक, आणि मूळ नंबर प्लेट आहे का हे विचारा. नोंद रद्द झालेली जुनी गाडी तिथे एफएमआय किंवा एएसआय या संस्थांच्या ऐतिहासिक दाखल्यावर पुन्हा नोंदता येते, पण ते काम वेळखाऊ आहे आणि भाव ठरवताना ते धरलं पाहिजे. मग खाली वाका आणि बॅटरीच्या ट्रेखालची फ्रेमची नळी बघा. बॅटरीचं अ‍ॅसिड वर्षानुवर्षं तिथेच ठिबकतं. तारेचा ब्रश मारून पापुद्रे काढा आणि नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने टकटक करा. आवाज खणखणीत आला तर गंज वरवरचा आहे. बद्द आला, किंवा टोक आत रुतलं, तर तिथला तुकडा कापून नवी नळी वेल्ड करावी लागेल, आणि ते काम फ्रेम सरळ ठेवून करू शकणाऱ्याकडेच द्यावं. मागच्या चाकाचा स्विंगआर्म, म्हणजे चाक धरणारा फ्रेमचा हलता हात, दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवून ढिला आहे का बघा. चाकाचे आरे निपलपाशी गंजलेले असले तर ते बदलायचेच आहेत, त्याचं काही नाही. सीटखालचा पत्रा सडलेला असला तरी काळजी करू नका, त्याचा आकार शाबूत असला की नवा ठोकून घेता येतो. आणि रिकाम्या जागांची यादी तिथेच उभं राहून लिहा. घरी येऊन आठवत नाही. मालक "सगळं आहे" म्हणतोय ना, मग ते खोके उघडून दाखवायला सांगा.

इंजिन जाम आहे म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. किकवर उभं राहून जोर लावू नका. किकचे दाते तुटले तर तोही मोरिनीचाच पार्ट. दोन्ही प्लग काढा, अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून भोकातून ओता आणि काही दिवस तसंच राहू द्या, मधेमधे भर घाला. हे मिश्रण पेट घेतं, आगीजवळ नको आणि दार उघडं ठेवा. मग गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने मागे-पुढे हलवत राहा. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकपर्यंत जास्त पोचतो. केसभर हललं तरी जिंकलात. इंजिन सुटलं तरी लगेच चालू करायच्या भानगडीत पडू नका. ते उघडायचंच आहे.

उघडताना अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगवर हातोडा चालवू नका. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, याचाच फायदा घ्यायचा. केसिंग ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांपर्यंत तापवलं की जुनं बेअरिंग लाकडावर हलकं आपटताच खाली पडतं. नवं बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, तापलेल्या जागेत ते बोटांनी सरकतं. आटे गेले असतील तिथे मोठा बोल्ट ठोकू नका, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, मूळ माप टिकतं.

गंज काढायच्या पद्धती भरपूर आहेत, मी दोनच वापरतो. लहान लोखंडी पार्टसाठी सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी. मोठ्यांसाठी इलेक्ट्रॉलिसिस: पाण्यात धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह वायर पार्टला, पॉझिटिव्ह एखाद्या साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार सुटतात. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करा. स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट या दोन्ही पद्धतींपासून लांब ठेवा, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. टाकीतही सायट्रिक चालतं, पण आधी पेट्रोलचा कॉक काढा, तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि अ‍ॅसिड त्याला खातं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस दिसेल. टाकीला भोकं असतील तर आधी वेल्डिंग, मग आतलं कोटिंग, आणि कोटिंग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारं आहे का हे डब्यावर वाचून घ्या. मूळ नट-बोल्ट शक्यतो फेकू नका. साफ करून झिंक प्लेटिंग करून घ्या. नवे चकाकते स्टेनलेसचे बोल्ट त्या गाडीवर उपरे दिसतात, हे माझं ठाम मत आहे.

वायरिंगची नालस्ती लोक उगाच करतात. बहुतेक दोष दोन जागी असतो, फ्रेमला जोडलेली अर्थची वायर आणि टोकदार जुने फ्यूज. टोकं गंजली की करंट जात नाही. अर्थच्या जागा पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, फ्यूजचा डबा आजच्या चपट्या फ्यूजचा करा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन दुकाती एलेत्त्रोतेक्निकाचं आहे. ते मात्र हळुवार हाताळा आणि वायरी तोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या.

उरलेला माल कुठे शोधायचा? इटलीत नोवेग्रो आणि इमोला इथे जुन्या पार्टचे मोठे बाजार भरतात, त्यांना मोस्त्रा स्काम्बियो म्हणतात. तिथे जाणं शक्य नसेल तर विक्रेत्यांना पत्र लिहिताना "फोंदो दि मागाझिनो" हे शब्द वापरा, म्हणजे दुकानाच्या कोठारात न वापरता पडून राहिलेला जुना माल. मॉडेल, वर्ष, इंजिन नंबर आणि जुन्या पार्टचा मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा. उत्तरं येतात. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगची प्रत सगळ्यात आधी मिळवा, गाडी घ्यायच्याही आधी. आणि बुश, स्पेसर, अ‍ॅक्सल असले गोल पार्ट चांगला टर्नर लेथवर मुळापेक्षा सरस बनवून देतो, त्यासाठी महिनोन्महिने शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

शेवटचं, पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी कॅमचा पट्टा नवा घाला, जुना दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. रबर उभ्या उभ्या मरतं, आणि तो सुटला तर कॅमची वेळच चुकते. कोरड्या क्लचच्या प्लेट दमट हवेत एकमेकींना चिकटतात, त्याही सुट्या करून घासून बसवा.

गाडीच्या दोन्ही बाजूंचे, मीटरचे आणि बॅटरी ट्रेखालचे फोटो टाकलेत तर काय काय गायब आहे आणि त्यातलं काय शोधायला अवघड जाईल ते मी सांगू शकेन. व्यवहार त्याआधी पक्का करू नका.