हँड सर्जन व्हायचंय? मग आधी हे कर

इंटर्नशिपमध्येच ठरवलंस, फार बरं वाटलं. वाट लांब आहे: एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस ऑर्थो (हाडांची सर्जरी) 3, मग हँड अँड मायक्रोसर्जरीची (मायक्रोस्कोपखाली करायची बारीक सर्जरी) एफएनबी ही फेलोशिप 2. प्लास्टिक सर्जरीतूनही येता येतं, ते आत्ता राहू दे.

नवखे मायक्रोस्कोपमागे धावतात आणि तपासणी कच्ची ठेवतात. तू तसं करू नकोस. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधून प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला कामगार आला, की:

- भूल देण्याआधी बोटांची संवेदना तपास. नंतर नर्व्ह (संवेदना नेणारी नस) तुटलीय का, ते कळत नाही.
- बोटाचा प्रत्येक सांधा वेगळा वाकवायला सांग.
- तुटलेलं बोट थेट बर्फात नको. ओलसर गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत, पिशवी बर्फावर.

आणि फिजिओथेरपीत जाऊन बस. जोडलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) कामाला लागायला साधारण 12 आठवडे जातात, कामगाराची रोजीरोटी त्यावरच ठरते.