वीकेंडला युरोप: आधी तास मोजा, मग तिकीट बघा

प्रश्न: ताई, मी या सेमिस्टरला मास्टर्ससाठी जर्मनीत कार्ल्सरूहला आलेय, वय २३. डॉइचलँडटिकीट (जर्मनीभर रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) आहे, रेसिडेन्स कार्डपण आलंय. पॅरिस, प्राग, रोम, बार्सिलोना अशी लिस्ट केलीये पण बजेट अगदीच टाइट आहे आणि सोमवारी सकाळी लेक्चर असतं. स्वस्त फ्लाइट दिसली की लगेच बुक करून टाकू का?

उत्तर: थांब जरा! फ्लाइटचा आकडा बघून भुलू नकोस, शुक्रवारी रूममधून निघाल्यापासून तिथल्या हॉस्टेलच्या दारात पोचेपर्यंत किती तास जातात ते आधी मोज. आता पॅरिसचंच बघ ना, स्वस्तातली बरीच विमानं ब्यूव्हे विमानतळावर उतरतात आणि ते पॅरिसपासून साधारण ८५ किलोमीटर लांब आहे, म्हणजे तिथून परत बस, तिचं तिकीट वेगळं, वर बॅगेचे पैसे, आणि हे सगळं होईपर्यंत अर्धा शनिवार गेलेला असतो. उलट तुझ्या कार्ल्सरूहहून थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रेंच हायस्पीड ट्रेन आहे, अडीच तासांच्या आसपास पॅरिसच्या आत गार द लेस्त स्टेशनला सोडते. लवकर बुक केलंस तर परवडते, आदल्या दिवशी बघशील तर डोळे पांढरे होतील. आणि पॅरिसला जाशीलच तर २६ वर्षांच्या आत जा, कारण १८ ते २५ वयाच्या ईयू आणि आसपासच्या काही देशांत राहणाऱ्यांना लूव्र म्युझियम फुकट आहे, पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, राहतेस कुठे ते बघतात. त्यामुळे कार्ड जवळ ठेव, वेळेचा स्लॉट ऑनलाइन घे आणि मंगळवार टाळ, तेव्हा बंद असतं.

पण माझं ऐकशील तर पहिले एक-दोन महिने पॅरिसबिरिस राहू दे, बॉर्डरवरची गावं कर. फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग तुझ्या अगदी उशाशी आहे आणि लोक ते सोडून रोमला पळतात, मला हे कळतच नाही. डॉइचलँडटिकीटवर रीजनल ट्रेनने ऑफेनबुर्गला बदलून केल या जर्मन बाजूच्या गावापर्यंत जायचं, तिथून ट्राम ऱ्हाइन ओलांडून सरळ स्ट्रासबुर्गच्या गावात नेते, तेवढंच ट्रामचं तिकीट काढायचं. १४२ मीटर उंचीचं कॅथीड्रल आहे, दोनेकशे वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत होती ती. आत खगोलीय घड्याळ आहे, शनिवारी साडेबाराला त्यातल्या बाहुल्या फिरतात त्या बघ, त्याचं तिकीट वेगळं असतं, मग कालव्याकाठी पाय दुखेस्तोवर भटक आणि रात्री आपल्याच बेडवर झोपायला ये, हॉस्टेलचा खर्च शून्य. स्वित्झर्लंडमधलं बासेलपण असंच, तिथल्या बाडिशर बानहोफ स्टेशनपर्यंत तुझं तिकीट चालतं. फक्त स्वित्झर्लंड ईयूत नाही, त्यामुळे फुकट रोमिंग तिथे लागू होईलच असं नाही, उतरायच्या आधी मोबाइल डेटा बंद कर नाहीतर बिल बघून रडशील.

प्राग, रोम वगैरे सलग सुट्टी आली की कर, दोन दिवसांत तिथे नुसती धावपळ होते. झेकमध्ये युरो नाही, कोरुना आहे, कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. लांबच्या ट्रेनचं स्वस्त तिकीट काढशील तेव्हा ते त्याच ट्रेनला बांधलेलं असतं हे लक्षात ठेव, आणि मधे गाडी बदलायची असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे. म्हणजे पहिली लेट झाली आणि पुढची चुकली तर नंतरच्या गाडीने जाता येतं. दोन सुटी तिकिटं असली तर पुढचं गेलंच समज. रविवारी परतताना शेवटची गाडी कधीच पकडू नकोस, तिच्या आधीची पकड, जर्मन गाड्या वेळेवर असतात हे आता फक्त ऐकायचं.

प्रश्न: जर्मन रेसिडेन्स कार्डवर लंडन होईल का? आणि क्रोएशिया?

उत्तर: लंडन नाही, डब्लिनपण नाही, दोन्हींना वेगळा व्हिसा लागतो आणि तो काय वीकेंडसाठी काढायची गोष्ट नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, बिनधास्त जा. जर्मनीबाहेरच्या शेंगेन देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वीकेंड-वीकेंडने ते काही संपत नाहीत. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही ओरिजिनल जवळ ठेवा, बॉर्डरवर ट्रेनमध्ये पोलीस चढले की फोनमधला फोटो चालत नाही.