गाडी बायकोच्या नावावर, हँडल नवऱ्याच्या हातात

प्रश्न : ताई, मी परभणीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. स्कूटी माझ्या नावावर, कार मिस्टरांच्या नावावर. त्यांचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान आहे. पावसाळ्यात गंगाखेड रोडला दुचाकी नको वाटते, म्हणून मी कार नेते आणि ते स्कूटीवर दुकानात जातात. आमचे एजंट म्हणतात, "पॉलिसीवर सरांचं नाव आहे, मॅडमनी चालवली तर एक रुपया मिळणार नाही." इंग्लंडला असलेली नणंद म्हणते, पॉलिसीत दोघांची नावं घालून घ्या. खरं काय? स्कूटीचं लायसन माझ्याकडे आहे, कारचं लर्निंग चालू आहे.
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : ताई, नणंदबाई तिकडचं सांगताहेत आणि तिकडे ते बरोबर आहे. ब्रिटनमध्ये गाडी कोण-कोण चालवणार हे सहसा कंपनीला आधी कळवावं लागतं आणि त्यावर प्रीमियम ठरतो. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. पॉलिसीचा कागद काढा आणि त्यात चालकाबद्दलचं कलम शोधा. विमाधारक किंवा त्याच्या परवानगीने चालवणारी कोणतीही व्यक्ती चालते, अट एकच: अपघाताच्या वेळी तिच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन हवं. मिस्टरांच्या कारचा बंपर तुमच्या हातून फुटला, तरी केवळ नाव वेगळं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. एजंटांना तेवढं कलम वाचून दाखवा.

पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला काळजी वाटली. कारचं लर्निंग आहे आणि तुम्ही एकट्या शाळेत जाता. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला, वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस बसलेला हवा आणि पुढे-मागे लाल 'एल'ची पाटी हवी. नियम पाळला तर विमा लर्निंगवाल्यालाही चालतो. एकट्या गेलात तर चालत नाही. अशा वेळी एखाद्याला धडक बसली, तर कोर्ट बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे तुमचे मिस्टर. तेव्हा पक्कं लायसन हातात येईपर्यंत पाऊस असला तरी एसटीने जा किंवा मिस्टरांना सोडायला सांगा. लर्निंग काढून तीस दिवस झाले की टेस्ट देता येते, ती पुढे ढकलू नका.

मिस्टरांचंही लायसन बघा. त्यावर दुचाकी आणि कार दोन्हींची नोंद आहे का? मुदत संपलेली नाही ना? २०१९च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीला संपतं आणि ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. संपलेल्या लायसनवर त्यांनी तुमची स्कूटी चालवली आणि कुणाला लागलं, तर वसुलीची नोटीस तुमच्या नावाने येईल.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. दोन्ही पॉलिसींमध्ये मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल. २०१८पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. हा विमा नोंदणीकृत मालकाचाच असतो. स्कूटीच्या पॉलिसीतले १५ लाख तुमच्यासाठी आहेत, कारच्या पॉलिसीतले मिस्टरांसाठी. तुम्ही गाड्या बदलल्या की दोघंही एकमेकांच्या गाडीवर या विम्याच्या बाहेर जाता. स्कूटी घसरून मिस्टरांचं काही बरंवाईट झालं, तर मडगार्डचे पैसे मिळतील आणि माणसाचे मिळणार नाहीत. 'मग थर्ड पार्टीतून, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्यातून मिळतील' असं लोक म्हणतात. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या विम्याकडे मागता येतं. पण आपणच घसरलो तर नाही. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, तो तिसरा पक्ष ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं आणि २०२० साली पुन्हा सांगितलं.

पत्र्याचा विमा दरवर्षी न चुकता भरणारी आणि चालवणाऱ्या माणसाचा विसरणारी घरं मी क्लेमच्या कामात इतकी पाहिली आहेत की हे प्रत्येक जोडप्याला हात धरून सांगावंसं वाटतं. उपाय सोपा आहे. दोघांनीही स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, प्रत्येकी किमान १५ लाखांची, मृत्यू आणि कायमचं अपंगत्व दोन्ही धरणारी. ती माणसाबरोबर फिरते. कार, स्कूटी, एसटी, शाळेचा जिना, कुठेही. अशी पॉलिसी असली की गाडीबरोबरचा सक्तीचा अपघात विमा घ्यावा लागत नाही, तो खर्च तिकडे वळवा. एक लक्षात ठेवा, गाडीबरोबरचा हा विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच असतो. पाय मोडून दवाखान्यात राहिलात तर तो खर्च आरोग्य विम्यातूनच निघेल.

स्कूटीच्या कागदावर दोन तारखा आहेत का तेही पाहा. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकच वर्षाचा असतो. तो केव्हाच संपलेला असतो आणि घरात सगळे 'पाच वर्षांचा विमा आहे' म्हणून निश्चिंत असतात. नुसता थर्ड पार्टी उरला असेल तर स्कूटीचं नुकसान तर नाहीच, मिस्टर चालवत असताना मागे तुम्ही बसला असाल तर तुमचंही काही नाही. मागे बसणाऱ्याला त्यात धरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच स्पष्ट केलं आहे.

आणि दुकानाचा माल कारच्या डिकीतून गावोगाव जातो का? जात असेल तर थांबवा. खासगी कारच्या पॉलिसीत घरचं सामान आणि नमुने चालतात, मालवाहतूक चालत नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस आला आणि मागच्या सीटवर सोयाबीनच्या बॅगा दिसल्या, की तिथूनच क्लेम अडतो.

प्रश्न : वडील मागच्या वर्षी वारले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. मी आणि बायको दोघंही चालवतो. पॉलिसी मोबाइलवरून त्यांच्याच नावाने रिन्यू केली. एवढं चालतं ना?
— एक शेतकरी, माजलगाव

उत्तर : नाही भाऊ, चालत नाही. पैसे भरले आणि पावती मिळाली म्हणून विमा झाला असं वाटतं, पण करार गेलेल्या माणसाशी होत नाही. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत अट असते: विमाधारक वारला तर पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसाने नाव बदलून घ्यायचं. तुमची ती मुदत संपली आहे. आज गाडीचा अपघात झाला तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाईल हे धरून चाला. कुणाला धडक बसली तर कंपनी याच मुद्द्यावर हात झटकायला बघेल आणि तुम्ही दोघं कोर्टाच्या पायऱ्या चढाल.

आरटीओलाही मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव चढवायचं असतं. उशीर झाला तरी काम होतं, दंड भरा आणि करून टाका. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र. आई आणि बहिणींच्या सह्या एकदाच घ्या. शेताच्या वाटणीचा विषय त्याच बैठकीत काढू नका, नाहीतर गाडी तशीच राहील.

नाव कुणाचं लावायचं हे नीट ठरवा. वडिलांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) त्यांच्या जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे येऊ शकतो, सुनेकडे नाही. तो बोनस टिकवायचा असेल तर गाडी तुमच्या किंवा आईच्या नावावर घ्या. घरात गाडी सूनबाईच जास्त चालवत असतील आणि बोनस मोठा नसेल, तर मी म्हणेन त्यांच्याच नावावर करा. आरसी नव्या नावाची झाली की नवी पॉलिसी त्याच नावाने काढा. तोवर गाडी अंगणात उभी ठेवा.

प्रश्न : आमचं नुकतंच लग्न झालं. बायकोने नवी कार घेतली. माझ्या जुन्या कारवर ५० टक्के बोनस आहे. तो तिच्या गाडीला लावता येईल? दोन्ही गाड्यांची एकच पॉलिसी होते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही आणि बायकोचाही नाही. जुनी कार विकून स्वतःच्या नावाने दुसरी घ्याल तेव्हा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. एकत्र पॉलिसीची सोय २०२२ साली आली, पण ती एकाच मालकाच्या गाड्यांना. तुमच्याकडे मालक दोन आहेत. केवळ बोनससाठी तिची गाडी तुमच्या नावावर करू नका. तिच्या नावाची क्लेम नसलेली वर्षं उद्या तिला उपयोगी पडतील. तिची गाडी तुम्ही चालवून ठोकलीत तर बोनस तिचा जाईल, तेव्हा किरकोळ खरचटलं तर क्लेम न करता गॅरेजमध्ये पैसे भरणं परवडतं का ते आधी बघा.

आणि दोन चाव्यांपैकी एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे असेल. गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर ती कुठे, कधी हरवली याचा जाब द्यावा लागतो. चावी हरवली की त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा आणि कुलूप बदलून घ्या.